सीलबंद खोलीतली पांढरी पूड

दुधाची पिशवी घरात आली की रावसाहेब खिल्लारे ती आधी उजेडात धरतात. कडा बघतात, कोपरा चिमटीत दाबतात, उलटी करून पुन्हा बघतात, आणि एवढं सगळं झाल्यावरच ती बयाबाईंच्या हातात जाते. लग्न झाल्यापासून बयाबाई हे बघत आल्यात, त्यामुळे त्या आता नवऱ्याला काही बोलत नाहीत. पाहुणे असले की मात्र म्हणून घेतात, "आमच्याकडं चहाला उशीरच होतो बाई, आधी दुधाची जबानी व्हावी लागती."

माणूस वाईट नाही, धंद्यानं बिघडलेला आहे. जालन्याकडच्या खेड्यातून तरुणपणी आला आणि न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटवर लागला, तो थेट निवृत्त होईपर्यंत तिथेच. काम एकच, सील तपासायचं. कंटेनरच्या दाराला सील असतं. ते शाबूत असेल तर गाडी सोडायची, नसेल तर बाजूला घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एकदा एका कंटेनरचं सील अगदी नव्यासारखं चमकत होतं, रावसाहेबांच्या जोडीदारानं ते बघून गाडी सोडली, आणि पुढे तो कंटेनर उघडला तेव्हा कागदावर लिहिलेल्या फरशांच्या मधे पांढऱ्या पुडीच्या पिशव्या निघाल्या. चोरांनी सीलला हातच लावला नव्हता. दाराच्या बिजागरीचे खिळे काढून दार उचललं होतं आणि खिळे पुन्हा बसवून वर रंग मारला होता. जोडीदाराची नोकरी गेली, वर चौकशीचे हेलपाटे मारता मारता तो म्हातारा झाला. तेव्हापासून रावसाहेबांनी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. चमकणाऱ्या सीलकडे जास्त बघायचं, आणि ड्रायव्हरला काही विचारायचं नाही, कारण पिशवीत काहीही असलं तरी ड्रायव्हर "साहेब, पीठ आहे" असंच म्हणतो.

असा माणूस निवृत्त होऊन कोपरखैरण्याच्या आपल्या रो-हाउसमध्ये दिवसभर बसू लागला तर घरच्यांचं काय होणार, ते सांगायला नको. मुलगा आकाश तुर्भ्याच्या कंपनीत जायचा, तो सकाळी सुटायचा. सापडायची सून, अक्षता.

अक्षता हुशार, कामाला वाघ. वर मागच्या बाजूची छोटी खोली रिकामी होती, तिथे तिनं मशरूम लावले. आधी कुठेतरी जाऊन रीतसर शिकून आली. उकळून गार केलेला भाताचा पेंढा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचा, त्यात बियाणं घालायचं आणि पिशव्या दोरीला टांगायच्या. भिंतींना ओली गोणपाटं, खिडकीला जाळी, दार लावलेलं. काही दिवसांनी पिशवीच्या भोकांतून पांढरे-राखाडी गुच्छ बाहेर यायचे. धिंगरी म्हणतात या जातीला. वाशीच्या एक-दोन हॉटेलांत आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये माल जायचा. बयाबाई त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणत. गावाकडे उकिरड्याशेजारी उगवायच्या आणि पोरं लाथेनं उडवायची, त्या गोष्टीला लोक पैसे देतात याचं त्यांना कायम नवल वाटायचं. पण सूनबाईची भाजी खाऊन त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती, हेही खरं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग अक्षतानं मदतीला आपल्या भावाला आणलं आणि रावसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

संघर्ष शिरवण्याला राहायचा. तिशीचा, काटकुळा, बोलायला मऊ. मधली काही वर्षं त्यानं पावडरच्या नादात घालवली होती. एमआयडीसीच्या गोदामांमागे जी पोरं बसतात, त्यांतलाच हा एक. पुढे अक्षतानंच त्याला व्यसनमुक्तीच्या सेंटरमध्ये नेऊन टाकलं, आणि तो सुटला. वर्ष उलटून गेलं होतं, त्यानं पुन्हा हात लावला नव्हता. "रिकामा बसला की डोकं तिकडं पळतं त्याचं," अक्षता म्हणाली होती. "हाताला काम पायजे, मामा. बाकी कोन देनार त्याला?" सासऱ्याला ती मामा म्हणे, म्हणून संघर्षही मामाच म्हणे. रावसाहेबांनी मान हलवली, पण मनात म्हटलं की या कंटेनरचं सील फारच चमकतंय.

पहिल्यांदा पूड दिसली ती त्यांच्या पेटीवर. वरच्या मजल्यावर मशरूमच्या खोलीबाहेर बोळ आहे, तिथे रावसाहेबांची पत्र्याची काळी पेटी असते. आत यार्डातली निळी टोपी, मोठी बॅटरी आणि जुन्या पद्धतीचं शिशाचं सील दाबायची पकड. ही पेटी ते रोज फडक्यानं पुसतात. एका सकाळी पेटीवर पांढरी झाक दिसली. बोट फिरवलं तर बोटाला पूड लागली, मैद्याहून बारीक. वास घेतला, ओलसर काहीतरी वाटलं. इतकी वर्षं गेटवर उभं राहून जी वस्तू आपण गेटातून जाऊ दिली नाही, ती आपल्या घरात आली की काय?

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, पण चोराला चाहूल लागू द्यायची नाही हा त्यांचा नियम. पेटी पुसली आणि ते नजर ठेवून बसले.

आणि नजर ठेवली की काय काय दिसतं! संघर्ष त्या खोलीत जाताना तोंडाला रुमाल बांधतो. का बांधतो? आत गेला की दार लावून घेतो. का लावतो? बाहेर आला की खोकतो, आणि जिना उतरून नळाखाली हात-तोंड खसाखसा धुतो. धुण्यासारखं काय लागलंय त्याला? वास्तविक अक्षताही रुमाल बांधायची, तीही दार लावायची. पण एकदा माणसावर डोळा ठेवला की त्याचं शिंकणंसुद्धा गुन्ह्यात धरलं जातं.

पूड रोज दिसू लागली. मग रावसाहेबांनी एक युक्ती काढली. खोलीची किल्ली स्वतःकडे घेतली आणि सांगून टाकलं की सकाळी आपण बुद्धविहारातून परत येईपर्यंत ती खोली उघडायची नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "घर माझं हाय ना?"

"मामा, पण तोडनी सकाळी लवकर व्हायला पायजे," अक्षता म्हणाली. "छत्रीची कड आत वळलेली असते तोवरच तोडायची. उशीर केला की ती उघडते, मग सगळा घोळ होतो."

एवढी घाई? रावसाहेबांना त्या घाईतच काळंबेरं दिसलं. ते मुद्दाम सावकाश येऊ लागले. विहारात वंदना झाली की कट्ट्यावर पेपर, मग कुणाशी तरी राजकारण, आणि उन्हं वर आल्यावर किल्ली घेऊन घरी. गंमत बघा, पहारा जितका कडक झाला तितकी पूड वाढली. पेटीवर तर होतीच, आता जिन्याच्या कठड्यावर, आकाशच्या काळ्या हेल्मेटवर, वाळत घातलेल्या कपड्यांवरही तिचा हात फिरू लागला. रावसाहेबांचा घसा धरला. बयाबाईंनी हळद घातलेलं दूध दिलं, तर त्यांनी ते आधी हुंगून पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात बयाबाई त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या रागावल्या आणि दूध त्यांच्या हातातून काढून घेऊन स्वतःच प्यायल्या.

भडका उडाला तो एका संध्याकाळी. संघर्ष काम आटपून निघाला होता. उंबऱ्यात रावसाहेब आडवे उभे राहिले.

"खिसे उलटे कर."

अक्षता स्वयंपाकघरातून धावत आली. "मामा! काय चाललंय हे?"

"तू मधी पडू नको. खिसे उलटे कर म्हनलो ना."

संघर्षनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि एकेक खिसा बाहेर काढला. लिमलेटची गोळी, घराची किल्ली, चुरगळलेलं बसचं तिकीट. शेवटी तोंडाला बांधायचा रुमाल. रुमाल निळा होता आणि त्यावर पांढरी पूड होती.

"हे काय?"

"मशरूमचं हाय, मामा. बी म्हना त्याचं."

"बी! मला शिकवतो? बी कधी असं असतं का?"

"बीजाणू म्हनतात. छत्रीच्या खाली पापुद्रे असतात ना, त्यातनं सुटतात. एकेका छत्रीतनं करोडोनं." संघर्षचा आवाज शांत होता. "खोटं वाटत असंल तर एक छत्री तोडा, काळ्या कागदावर ठेवा, वर भांडं झाका. सकाळी बघा."

"हातचलाखी मला दाखवू नको. सगळे हेच म्हनतात, साहेब, पीठ हाय."

मग अक्षता बोलली ते लागण्यासारखं होतं. "मामा, तो त्यातनं सुटला तो औषधानं नाय सुटला. मी विश्वास ठेवला म्हनून सुटला. तुमी आज तो काढून घेताय. परत गेला ना तो तिकडं, तर ती पावडर तुमी त्याच्या हातात दिली असं मी धरेन."

रावसाहेब हटले नाहीत. संघर्षनं खिसे आत सारले. "असू दे ताई. सेंटरमध्ये सकाळ-संध्याकाळ खिसे उलटे करायला लावायचे. मला सवय हाय." एवढं म्हणून तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अक्षतानं फोन लावला तर फोन बंद.

"बघा, फोन बंद," रावसाहेब म्हणाले. फोन बंद ठेवणारा माणूस सज्जन असू शकतो हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं.

अक्षता त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आता तर तो येत नाय ना? मग लावा तुमचं ते सील दाराला. आतून-बाहेरून बघा आणि लावा. बघू दे पावडर कोन आनतं ते."

तिला वाटलं असेल की म्हातारा ओशाळेल. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्यांनी पेटीतून पकड काढली, शिशाचा मणी काढला, कडीतून तार ओवली आणि मण्यावर पकड अशी दाबली की यार्डातले दिवस हातात परत आले. खिडकीची जाळी आधीच चाचपून झाली होती. पेटी लख्ख पुसली, शेजारी आपली निळी टोपी उपडी ठेवली आणि ते जेवायला खाली आले. जेवण बरं गेलं नाही. अक्षता त्यांना वाढत होती, पण वाढताना तिची नजर ताटावर होती. आकाश मान खाली घालून जेवत होता. बायको आणि बाप यांच्यामध्ये तोंड उघडायचं नसतं एवढं शहाणपण त्याला होतं.

सकाळी विहारात न जाता रावसाहेब आधी वर गेले.

सील शाबूत होतं. मणी तसाच, तार तशीच, पकडीचा ठसा जिथल्या तिथे. आणि पेटीवर पूड होती. टोपी पांढरी पडली होती, पुसायचं फडकं खुंटीवर होतं त्यावरसुद्धा होती. पूर्वी कधी नव्हती इतकी होती.

दुसरा कुणी असता तर तिथेच खाली बसला असता. रावसाहेबांनी बिजागऱ्या तपासल्या. चष्मा नाकावर खाली ओढून एकेक स्क्रू पाहिला. स्क्रूच्या खाचांत जुना रंग बसलेला होता, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नव्हता. आपली पकड रात्री कुणी चोरून वापरली का, म्हणून झोपताना जिथे ठेवली होती त्या उशीखाली हात घालून आले, तर पकड तिथेच. मग त्यांनी भिंतीला कान लावला. हा शेवटचा प्रकार बयाबाईंनी जिन्यातून पाहिला आणि त्या हातातली वस्तू पदराखाली धरून वर आल्या.

"सापडला का चोर?"

"सील शाबूत हाय," रावसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"बरं झालं. आता माझा तवा बगा."

त्यांनी पदराखालून भाकरीचा तवा काढला. तवा उपडा होता, बुडाची काळीशार बाजू वर. त्या काळ्या बुडावर एक गोल पांढरं चित्र उमटलं होतं. मधून निघून कडेपर्यंत गेलेल्या बारीक बारीक रेघा, जवळजवळ, कुणी सुईनं रेखाव्यात अशा. कुणाचा हात लागला नव्हता की पुसलं गेलं नव्हतं.

"त्या पोरानं सांगितलं व्हतं ना, काळ्यावर ठिवा, वर भांडं झाका. तुमी नाही ठिवलं. काल सील लावायच्या आधी मीच एक छत्री आनली खाली, देठ मोडला, तव्यावर ठिवली, वर पातेलं पालथं घातलं. स्वयंपाकघरात. मी झोपले व्हते तिथंच, दाराशी." बयाबाईंनी तवा त्यांच्या हातात दिला. "माज्यावर संशय असंल तर तसं सांगा."

रावसाहेबांनी तव्यावर बोट फिरवलं. तीच पूड, मैद्याहून बारीक, तोच ओलसर वास. बोटानं एका जागी रेघा पुसल्या गेल्या आणि त्यांना उगाचच चोरट्यासारखं वाटलं.

तरी मनातली शेवटची खुंटी निघत नव्हती. पातेल्याखालची पूड पातेल्याखाली पडली, मान्य. पण बंद दारातून बाहेर कशी आली? खोलीत पंखा नाही, वारा नाही. तिला पाय फुटले काय? त्यांनी तार पिळून तोडली, बॅटरी घेतली आणि एकटेच आत जाऊन दार लावून घेतलं.

आत काळोख आणि ओल. पेंढ्याचा गोडसर वास. रोज उन्हं वर आल्यावर ते या दारात उभे राहत, पण आत असे कधी थांबले नव्हते. बॅटरीचा झोत त्यांनी एका गुच्छावर टाकला. छत्र्या पुरत्या उघडल्या होत्या, काहींच्या कडा तर वर वळल्या होत्या, वाऱ्यानं छत्री उलटते तशा. आणि त्यांच्या खालून धूर निघत होता.

पहिल्यांदा त्यांना वाटलं आग लागली. हात पुढे केला. गार होतं, आजूबाजूच्या हवेहून गार. बॅटरी स्थिर धरून ते बघत राहिले. प्रत्येक छत्रीच्या खालून पांढरट धुराची एक बारीक रेघ सुटत होती. ती सरळ खाली येत नव्हती. थोडी उतरायची, मग हळूच बाजूला वळायची, दुसऱ्या छत्रीच्या रेघेत मिसळायची, वर जायची. आवाज नाही, घाई नाही, थांबणं नाही. असे गुच्छच्या गुच्छ होते आणि सगळी खोली हेच काम करत होती. झोत खाली आणला तर दाराच्या फटीशी ती रेघ जमिनीला लागून बाहेर सरकताना दिसली. त्यांनी झोत खिडकीकडे नेला. जाळीतूनही जात होती. सीलच्या शेजारून, बिजागरीच्या बाजूनं, जिथून जागा मिळेल तिथून माल चालला होता, आणि गेटवरचा माणूस सील बघत बसला होता.

दार उघडून अक्षता आत आली, तोंडाला रुमाल बांधून. तिनं दुसरा रुमाल त्यांच्या हातात दिला. "बांधा आधी. याच्यानंच घसा धरलाय तुमचा."

"वारा नाही इथं," रावसाहेब म्हणाले. "मंग ते जातं कसं?"

तिला राग होता, पण तिला तिच्या मशरूमचं प्रेमही होतं, आणि कुणी खरंच विचारलं तर ती सांगितल्याशिवाय राहत नसे. तिनं एक छत्री तोडून उलटी धरली. खाली पानांसारखे पातळ पापुद्रे होते. "या पापुद्र्यांवर ते कण धरतात. एकेका कणाच्या बुडाशी पान्याचा बारीक थेंब जमतो. थेंब सरकला की कण उडतो, पार पलीकडच्या पापुद्र्याला लागनार नाय एवढाच. मग दोन पापुद्र्यांच्या मधनं खाली येतो आणि सुटतो. वाऱ्याचं म्हनाल तर ही छत्री अंगातलं पानी हवेत सोडत असते. त्यानं भोवतीची हवा गार होते आणि हलते. वारा नसला तर ती आपल्यापुरता वारा करते." मग ती थांबली. "कड आत वळलेली असते तेवढ्यात तोडली तर इतकं सुटत नाय. म्हनूनच मी सकाळी लवकर म्हनत होते. किल्ली तुमच्याकडं गेली, तोडनी लांबली आणि छत्र्या उघडायला लागल्या."

रावसाहेबांनी बॅटरी बंद केली. म्हणजे पूड पकडायला त्यांनी दाराला पहारा बसवला आणि त्या पहाऱ्यानंच पूड पिकवली. आधी पेटीवर पडली होती ती चिमूटभर. बाकी सगळी त्यांची. त्यांना लाज वाटली, इतकी की सुनेसमोरून बाहेर कसं जावं ते कळेना. आणि लाजेच्या मागोमाग भीती आली. फोन अजून बंद होता.

ते चहासुद्धा न घेता निघाले. डोक्यावर तीच टोपी होती, झटकायचं भान नव्हतं. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि आयुष्यभर केलं त्याच्या उलट करू लागले. ज्याला पकडायला टपून बसलो होतो तो त्या गोदामांमागे सापडू नये, असं मनातल्या मनात घोकू लागले. शिरवण्याला उतरल्यावर ते आधी गोदामांच्या मागे गेले. तिथे काही पोरं बसली होती, गुडघ्यात माना घालून. रावसाहेब एकेकाच्या समोर वाकून तोंड बघत फिरले. एकानं शिवी दिली. संघर्ष तिथे नव्हता. मग ते गावातल्या गल्लीत त्याच्या खोलीकडे झपाझप चालत गेले.

संघर्ष दारात बसून विळ्यावर पेंढा कापत होता. शेजारी कापलेल्या पेंढ्याचा ढीग. रावसाहेबांना बघून तो उठला, हात पँटला पुसले, आणि ते काही बोलायच्या आत त्यानं खिसे उलटे केले. लिमलेटची गोळी, किल्ली. दोन्ही खिशांची अस्तरं बाहेर लोंबत होती आणि तो खाली बघत उभा होता.

रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. यार्डात इतक्या माणसांचे खिसे पाहिले होते, पण असं कधी झालं नव्हतं.

"फोन का बंद हाय तुझा?" त्यांना हे विचारायचं नव्हतं. तोंडातून आलं ते मात्र हेच.

"मन वाईट असलं की बंद ठेवतो, मामा. जुनी पोरं अशाच टायमाला फोन करतात. उचलला जातो." त्यानं पेंढ्याकडे बोट केलं. "ताईला लागंल म्हनून कापून ठेवत होतो. कोनाच्या तरी हातनं पाठवला असता."

रावसाहेबांनी टोपी काढली आणि त्याच्यासमोर धरली. निळ्या टोपीवर पांढरा थर होता. "सील शाबूत होतं," ते म्हणाले. "मी लावलेलं, मीच तोडलं. तरी हे बघ. तुझ्या मामीनं तव्यावर पन दाखवलं. मी बॅटरी लावून डोळ्यांनी पाहिलं." मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला. तंबाखूची पुडी, चष्म्याचं घर, मशरूमच्या खोलीची किल्ली. "आता तू माझी झडती घे. चुकलो मी."

संघर्षनं झडती घेतली नाही. किल्ली मात्र घेतली. "टोपी इथं झटकू नका," तो म्हणाला, "खोकला येईल."

दुसऱ्या दिवशी तो उजाडता उजाडता आला आणि कडा आत वळलेल्या होत्या तोवर बहीण-भावानं तोडणी केली. पूड उणावली. पेटीवर अजूनही सकाळी थोडी झाक दिसते, रावसाहेब ती ओल्या फडक्यानं पुसतात आणि तोंडाला रुमाल बांधून खोलीत चक्करही मारतात. दाराला कुलूप नाही. दुधाची पिशवी अजून उजेडात धरतात, तो स्वभाव काही जायचा नाही.

पण एक गोष्ट पुसली जात नव्हती. रोज संध्याकाळी निघताना संघर्ष उंबऱ्यात थांबायचा आणि न सांगता खिसे उलटे करायचा. "अरे, राहू दे," रावसाहेब म्हणायचे. "असू द्या मामा, सवय झाली," तो म्हणायचा. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागायचं. काही दिवस रावसाहेबांनी त्या वेळेला बाहेर जाऊन पाहिलं. मग त्यांना वाटलं, आपण पेरलं ते असं टाळून कसं चालेल? तेव्हापासून तो उंबऱ्यात आला की तेही समोर जाऊन उभे राहायचे आणि आपले खिसे उलटे करायचे. तंबाखूची पुडी, चष्म्याचं घर. दोघं समोरासमोर अस्तरं लोंबकळत उभे. बयाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. अक्षता हसायची नाही.

असं बरेच महिने चाललं. परवा एका संध्याकाळी वाशीच्या हॉटेलातून माल लवकर पाठवा म्हणून फोन आला. संघर्षनं क्रेट उचलला, आकाशचं हेल्मेट डोक्यात घातलं आणि "मामा, येतो" म्हणत थेट बाहेर पडला. रावसाहेब नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी येऊन उभे होते, सदऱ्याचा खिसा बाहेर काढलेला, तंबाखूची पुडी हातात. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"तसाच गेला," ते बयाबाईंना म्हणाले. "खिसे न दाखवता गेला."

आणि उलटा खिसा तसाच ठेवून ते कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत हसत उभे राहिले.